ठेवणीतले औषध

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आनेकल येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी दुखण्याचा विषय काढावा, हे आमच्या मनास प्रथम रुचले नव्हते. नाट्यगीते, कीर्तन आणि स्नेहभोजन यांच्या पंगतीत कर्करोगाला पाट मांडणे बरे दिसेल काय, असे आम्ही कार्यवाहांना विचारलेही. त्यांनी जे उत्तर दिले, त्यापुढे आम्ही निरुत्तर झालो. ते म्हणाले, "पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या मंडळाची पहिली सतरंजी अंथरली, ते त्या वेळी पंचविशी-तिशीत होते. आज ते पंच्याहत्तरी ओलांडून गेले आहेत. गाणे तर त्यांना ऐकवूच. पण ज्याविषयी कोणी उघड बोलत नाही, तेही कोणीतरी सांगायला हवे." म्हणून आज हे धाडस करीत आहोत.

बोलताना आम्ही ‘आम्ही’ असा शब्द योजू, तो मोठेपणा मिरवण्यासाठी नव्हे. ‘आम्ही’ म्हणजे आम्ही उभयता. रोग जडला तो आमच्यातील पुरुषाला. परंतु रात्री-अपरात्री उठून दिवा लावला, कागदांची फाईल सांभाळली आणि निर्णयाच्या दिवशी शेवटचा शब्द उच्चारला, तो आमच्या घरच्या मंडळींनी. रोग एकाचा असला तरी त्याचा संसार दोघांनाच करावा लागतो.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्याकडचे. बोम्मसंद्रच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आनेकल तालुक्यात बिऱ्हाड थाटले. तेव्हा चंदापूर ते आनेकल या रस्त्याच्या दोन्ही अंगांना नाचणीची शेते आणि निलगिरीची बने होती. आज अत्तिबेले, जिगणी, हेब्बगोडी सारीकडे कारखाने आणि उंच इमारती झाल्या. मुलगा शिकून अमेरिकेला गेला, मुलगी लग्न होऊन पुण्यास गेली, आणि आम्ही दोघे येथेच राहिलो. परमुलखात म्हातारपण आले की शेजार हेच गोत होते, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको.

२०२३ च्या पावसाळ्याआधी आमची कंबर दुखू लागली. रात्री लघवीला चार-चार वेळा उठावे लागे. वय झाले, एवढे एकच निदान आम्ही स्वतःचे स्वतः करून टाकले. ज्या वैद्यकीय गृहस्थांकडे प्रथम गेलो, त्यांनी कमरेला पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्यात चार महिने गेले. दोष त्यांचा अर्धा आणि आमचा अर्धा. कारण लघवीची तक्रार आम्ही त्यांच्यापाशी संकोचाने काढलीच नव्हती. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताची पीएसए ही तपासणी करविली. सामान्यतः हा आकडा चारच्या आत असावा असे धरतात. आमचा आला १८६. मग सुईने तुकडा काढून तपासला, हाडांचे चित्रण झाले. रोगाची जात आक्रमक, ग्लीसन मापावर दहापैकी नऊ. आणि पाठीचा कणा, कटिभाग व बरगड्या मिळून अनेक ठिकाणी त्याने मुक्काम केलेला.

मराठी परिभाषेत अष्ठीला ग्रंथी म्हणतात ती ही प्रोस्टेट ग्रंथी. पुरुषाच्या मूत्राशयाखाली, अक्रोडाएवढी. तिचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. हे रहस्य शिकागो येथील चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली उघड केले. योगायोग असा, की मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेही त्याच वर्षी. वृषण काढून टाकले, अथवा औषधाने त्यांचे कार्य थांबविले, तर हाडांत पसरलेला रोगही माघार घेतो, हे हगिन्स यांनी दाखविले. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही या रोगाच्या उपचाराचा पाया तोच आहे. इंजेक्शनाने करा वा शस्त्रक्रियेने.

परंतु ही माघार कायमची नसते. पुरुषी संप्रेरकाचा मोठा भाग वृषणांत तयार होत असला, तरी थोडा वाटा मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा असतो; आणि पुढे पुढे रोगाच्या पेशी स्वतःच तो रस तयार करायला शिकतात. दारावरचे दूध बंद केले म्हणून घरातच गाय बांधावी, तसा प्रकार. अ‍ॅबिराटेरॉन नावाची गोळी या चोरवाटाही बंद करते. ते संप्रेरक बनविणाऱ्या विकरालाच ती रोखते. २०११ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली ती फक्त अखेरच्या अवस्थेतील, केमोथेरपीही निष्फळ ठरलेल्या रुग्णांसाठी.

आणि येथेच आमचा प्रश्न उभा राहिला. पायाचा उपचार तर करायचाच होता. ही नवी गोळी आत्ताच, पहिल्या दिवसापासून जोडीला घ्यावी, की पुढे रोग उसळेल तेव्हासाठी राखून ठेवावी?

बंधुभगिनींनो, घरात कर्करोग आला की सल्ला देणारे पुष्कळ येतात. आमच्या घरी त्यांचे दोन पक्ष पडले. थोरले बंधू सांगलीहून फोनवर म्हणाले, "अरे, सगळे बाण पहिल्याच दिवशी सोडलेस, तर भात्यात उरेल काय? एक उपचार चालतोय तोवर चालू दे. भारी औषध मागे ठेव." यात शहाणपण नव्हते असे नाही. आयुष्यभर काटकसर करून ज्यांनी भावंडांना शिकविले, त्यांच्या तोंडचे ते शब्द. उलटपक्षी चिरंजीव अमेरिकेहून म्हणाला, "बाबा, गोळीच काय, ल्युटेशियमचा नवा उपचारही आत्ताच करून घ्या. सगळे एकदम सुरू करा. पैशाची काळजी नको." यातही माया होती, आणि दूर असल्याची टोचणीही होती. एक म्हणे राखून ठेवा, दुसरा म्हणे उधळून टाका. आम्ही दोघे मध्ये.

आमच्या डॉक्टरांनी आम्हांस बजावले, की हा वाद तुमच्या घरातला नाही, तो वैद्यकशास्त्रात साठ वर्षे चालला आहे. मग आम्ही त्याचा थोडा अभ्यास केला. कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे आकडा पाहिल्याशिवाय समाधान होत नाही, ही आमची जुनी खोड.

अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत १९६० च्या दशकात मोठ्या चाचण्या झाल्या. त्या वेळी स्टिलबेस्ट्रॉल हे स्त्री-संप्रेरकासारखे औषध देत. आढळले असे, की रोज पाच मिलिग्रॅमच्या मात्रेने कर्करोगाचे मृत्यू घटले, पण हृदयविकाराचे मृत्यू वाढले. एका हाताने मिळविले ते दुसऱ्या हाताने गेले. १९६७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुष्कळ डॉक्टरांनी धडा घेतला, की त्रास सुरू होईपर्यंत थांबावे. थोरल्या बंधूंचे मत ते हेच.

पुढे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने ९३८ रुग्णांत तुलना केली: काहींना संप्रेरक-उपचार ताबडतोब, काहींना लक्षणे वाढल्यावर. १९९७ साली निकाल आला. थांबलेल्यांमध्ये हाड मोडणे, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडणे, अशा आपत्ती जवळजवळ दुपटीने झाल्या. म्हणजे ‘थांबा’ हा सल्लाही फुकटचा नव्हता. त्याची किंमत कोणाच्या तरी पायांनी मोजली होती.

आता नव्या औषधांकडे येऊ. डोसेटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध पाहा. २००४ साली ते उशिराच्या अवस्थेत, म्हणजे संप्रेरक-उपचार निष्फळ झाल्यावर दिले, तेव्हा जुन्या औषधाच्या तुलनेत सुमारे अडीच महिन्यांचे आयुष्य वाढले. तेच औषध अमेरिकेतील चार्टेड नावाच्या ७९० रुग्णांच्या चाचणीत पसरलेल्या रोगाच्या आरंभी दिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात वाढ दिसली १३.६ महिन्यांची. अ‍ॅबिराटेरॉनचे तसेच. उशिरा दिले तेव्हा लाभ चार-पाच महिन्यांचा. लॅटिट्यूड नावाच्या चाचणीत ११९९ रुग्ण होते, सर्व आमच्यासारखे आक्रमक आणि नव्यानेच निदान झालेले. ज्यांना केवळ पायाचा उपचार मिळाला, त्यांतील निम्मे रुग्ण ३६ महिन्यांपुढे गेले. ज्यांना जोडीला ही गोळी पहिल्यापासून मिळाली, त्यांतील निम्मे ५३ महिन्यांपुढे. हा २०१९ सालचा अंतिम निकाल. ब्रिटनमधील स्टँपीड या चाचणीनेही २०१७ साली हीच दिशा दाखविली होती.

हे आकडे निरनिराळ्या रुग्णांवरचे आहेत, त्यांची सरळ वजाबाकी करू नये, असे डॉक्टरांनी आम्हांस वारंवार सांगितले, आणि तसेच आम्ही आपणांस सांगतो. निम्मे पुढे जातात याचा अर्थ निम्मे जात नाहीत, हेही विसरू नये. तरी एक गोष्ट उघड होती. तेच औषध उशिरा दिले तर महिने मिळतात आणि वेळेवर दिले तर वर्षाहून अधिक.

असे का व्हावे? याचे कारण समजले तेव्हा आमचा गुंता सुटू लागला. रोगाच्या पेशी काही एकाच घराण्याच्या नसतात. काळ जातो तशा त्यांच्यात निरनिराळ्या स्वभावाच्या, औषधाला न बधणाऱ्या पेशी वाढतात. आज जे औषध बहुतेकांवर चालेल, ते दोन वर्षांनी थोड्यांवर चालेल. दुसरे कारण अधिक कठोर आहे. राखून ठेवलेला उपचार घेण्याची वेळ येते, तेव्हा पुष्कळ रुग्णांच्या अंगी तो घेण्याची ताकदच उरलेली नसते.

हे सारे आम्ही एका संध्याकाळी घरी मोठ्याने वाचून दाखवीत होतो. घरची मंडळी गव्हले करीत बसल्या होत्या. त्या उठल्या, कपाटातून त्यांची लग्नातली पैठणी काढून आणली आणि मांडीवर उलगडली. वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेली ती पैठणी घडीच्या रेषांवर विरली होती. म्हणाल्या, "अहो, चांगल्या दिवसासाठी म्हणून ठेवणीत ठेवली. मुलाच्या लग्नात नेसले नाही, कारण उन्हाळा होता. मुलीच्या लग्नात गडबड होती. आता नेसायची म्हटली तर फाटेल. भाऊजी ठेवणीतले औषध म्हणतात ना, ते हेच."

त्या संध्याकाळी आमचा अर्धा निर्णय झाला.

अर्धाच, असे म्हणतो. कारण चिरंजीवांचा पक्ष शिल्लक होता. ‘लवकर’ जर चांगले, तर ल्युटेशियमही लवकर का नको?

हा उपचार विलक्षण आहे. रोगाच्या पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचे एक प्रथिन विपुल असते. त्याला जाऊन चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ बांधतात आणि शिरेतून देतात. ते शोधत शोधत पेशीपाशी जाते आणि तेथेच किरण टाकते. त्याचे अर्धायुष्य पावणेसात दिवसांच्या आसपास. आपल्याला अभिमान वाटावा असे, की हे ल्युटेशियम आपल्या तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. १९८५ साली कार्यान्वित झालेली ही अणुभट्टी आज रुग्णांच्या शिरांपर्यंत पोहोचली आहे.

परंतु अभिमान वेगळा आणि पुरावा वेगळा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिजन या चाचणीत ८३१ रुग्ण होते. सर्वांची आधीची औषधे निष्फळ झालेली. त्यांत निम्मे रुग्ण जेथे ११.३ महिन्यांपुढे जात, तेथे या उपचाराने १५.३ महिन्यांपुढे गेले. लाभ खरा, पण तो अखेरच्या अवस्थेतला. आम्ही निर्णय केला त्या वर्षी, आमच्यासारख्या नवख्या रुग्णाने तो आरंभीच घ्यावा असे सांगणारा पुरावा हाती नव्हता. तोंड कोरडे पडणे, रक्तातील पेशी घटणे हे त्याचे दुष्परिणाम मात्र माहीत होते. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने तो केमोथेरपीच्या आधी देण्यास मान्यता दिली, आणि त्याच वर्षी आरंभीच्या अवस्थेतील चाचणीत रोगाची वाढ लांबल्याचेही जाहीर झाले. पण त्याने आयुष्य वाढते, हे आरंभीच्या अवस्थेत अजून निर्विवाद सिद्ध झालेले नाही. उद्या होईलही. ज्या दिवशी होईल, त्या दिवशी तेव्हाच्या रुग्णांनी तसा निर्णय घ्यावा.

केमोथेरपीचाही विचार झाला. आमच्याइतका पसरलेला रोग असेल, तर संप्रेरक-उपचार, गोळी आणि केमो असे तिन्ही एकत्र देण्याचा लाभ २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसला आहे, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. आम्हांस मधुमेह आहे, हातापायांच्या मज्जातंतूंना आधीच बधिरपणा आहे, वय एकाहत्तर. केमोने तो बधिरपणा वाढला असता. म्हणून ती आम्ही घेतली नाही. दुसऱ्या कोणी, साठ वर्षांच्या धडधाकट माणसाने, ती घेणे योग्यही ठरेल. आमचा नकार हा आमच्या पायांचा नकार आहे, तो सिद्धांत समजू नये.

आता खर्चाचे. परदेशातील किंमत ऐकून आम्ही घर विकण्याच्या गोष्टी बोलू लागलो होतो. पण अ‍ॅबिराटेरॉनच्या गोळ्या अनेक देशी कंपन्या बनवितात आणि त्या परदेशी किमतीच्या अल्पांशात मिळतात. तरीही गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यायची. शिवाय संप्रेरक थांबविणारे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला: एकदाच करायची छोटी शस्त्रक्रिया, वृषण काढून टाकण्याची. परिणाम तोच, इंजेक्शनाचा खर्च आयुष्यभरासाठी वाचतो. मात्र ती परत फिरविता येत नाही.

बंधुभगिनींनो, येथे आमची वाचा बसली होती. पुरुषाच्या मनात या एका गोष्टीभोवती केवढी भिंत असते, हे त्या आठवड्यात कळले. तीन रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी घरच्या मंडळी म्हणाल्या, "इंजेक्शनानेही तेच व्हायचे आहे ना? मग लाज कशाची राखता? मला तुम्ही हवे आहात." त्यांच्या या तीन वाक्यांनी ती भिंत पडली. आम्ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि वाचलेले पैसे गोळीसाठी बाजूला ठेवले. सर्वांनी हेच करावे असे नाही. इंजेक्शन घेणाऱ्यांचाही मार्ग तितकाच योग्य आहे. पण केवळ लाजेपायी कोणी हा पर्याय ऐकूनही घेऊ नये, असे होऊ नये.

या गोष्टीला आता अडीच वर्षे झाली. सातव्या महिन्यात पीएसए ०.२ च्या खाली उतरला आणि आजपर्यंत तेथेच आहे. पट्टा माळ्यावर गेला. पण सारे गोड झाले असे सांगणे खोटेपणाचे होईल. अंगातून अवेळी गरम वाफा निघतात. आमच्या मंडळी म्हणतात, आता तुम्हाला कळले. स्नायू गळतात, हाडे विरळ होतात. म्हणून रोज सकाळी चालणे, थोडी वजने उचलणे, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व. गोळीमुळे रक्तदाब वाढला, एकदा रक्तातील पोटॅशियम उतरले. तिच्याबरोबर प्रेडनिसोलोन घ्यावे लागते, त्याने साखर चढली आणि मधुमेहाची गोळी वाढवावी लागली. यकृताची तपासणी वारंवार होते. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, कारण अन्नाबरोबर ती अनेक पटींनी शोषली जाते. याचाच उपयोग करून नाश्त्याबरोबर पाव मात्रा पुरेल काय, याचा ७२ रुग्णांवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा प्रकार आहे, स्वयंपाकघरात करायचा नव्हे. मन कधी कधी अकारण भरून येते. हेही सांगतो, कारण पुरुष ते सांगत नाहीत.

एक प्रसंग मुद्दाम सांगावयाचा आहे, कारण हे भाषण देण्यास तोच खरा कारण झाला. गेल्या वर्षी परिचयातील एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांनाही प्रोस्टेटचाच कर्करोग निघाला होता. पण ग्रंथीच्या आतच असलेला, मंद जातीचा, लहानसा. डॉक्टरांनी त्यांना नियमित तपासण्या करीत थांबण्यास सांगितले होते. ते म्हणाले, "तुम्ही लवकर औषध घेतलेत आणि बरे आहात. मग मी का थांबू? मलाही तीच गोळी द्या म्हणून सांगतो." आम्ही घाबरलो. आमचे उदाहरण एका निरोगीप्राय माणसाचे पौरुष आणि हाडे विनाकारण खर्ची घालणार होते. आम्ही त्यांना ब्रिटनमधील प्रोटेक्ट या चाचणीचा निकाल दाखविला. ग्रंथीपुरताच रोग असलेले १६४३ पुरुष. काहींवर शस्त्रक्रिया, काहींवर किरणोपचार, काहींवर केवळ लक्ष. २०२३ साली, पंधरा वर्षांनंतर पाहिले, तर या रोगाने दगावलेले एकूण ४५. आणि तिन्ही गटांत फरक जवळजवळ नाहीच. ते गृहस्थ आपल्या डॉक्टरांशी पुन्हा बोलले. आजही ते थांबलेले आहेत, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात झांजा वाजवितात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की ‘लवकर’ हा शब्द एकटा घेऊ नये. लवकर हा गुण नव्हे आणि उशीर हा दोष नव्हे. कोणत्या अवस्थेत, कोणते औषध, कशाच्या तुलनेत आधी दिले असता लाभ झाला, हे मोजलेले आहे काय, एवढे विचारावे. मोजलेले असेल, तर ते औषध ठेवणीत ठेवू नये. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. मोजलेले नसेल, तर नवेपणाला भुलू नये.

ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांनी डॉक्टरांपुढे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. रोग ग्रंथीपुरता आहे की पसरला आहे, आणि किती ठिकाणी? हा उपचार आत्ता घेतल्याने आयुष्य वाढते, की केवळ तपासणीतला आकडा उतरतो? आत्ता घेतला नाही, तर पुढे घेता येईल काय, आणि त्याने काय गमावेल? माझ्या मधुमेहाला, हृदयाला, हाडांना तो कसा मानवेल? आणि एकूण खर्च किती वर्षे धरावा? सहावा प्रश्न मुलींसाठी विचारावा. काही घराण्यांत बीआरसीए नावाच्या जनुकातील दोष बापाकडून मुलीकडे जातो; बापाला प्रोस्टेटचा आणि मुलीला स्तनाचा किंवा बीजकोशाचा रोग होण्याचा धोका त्याने वाढतो. आमची तपासणी झाली. दोष निघाला नाही. पुण्याला फोन केला तेव्हा मुलगी बराच वेळ काही बोललीच नाही.

आणि रोग्यापासून रोग लपवू नका. आमच्या तीर्थरूपांना त्यांचा आजार शेवटपर्यंत कोणी सांगितला नव्हता. सारे निर्णय आम्ही भावांनी दाराबाहेर घेतले. आज वाटते, त्यांनाही काही ठरवायचे असेल. ज्याच्या अंगावर औषध चालायचे, त्याला विचारल्यावाचून लवकर काय आणि उशिरा काय, दोन्ही सारखेच परके.

आता मंडळापाशी एक मागणी. बेंगळूरात कर्करोगावर उपचारांची सोय मोठी आहे. किडवई संस्था १९७३ पासून काम करीत आहे. आपल्या तालुक्यात बोम्मसंद्र येथे २००९ पासून मजुमदार शॉ कर्करोग रुग्णालय आहे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मेट्रो थेट बोम्मसंद्रपर्यंत आली. पण रुग्णालयाच्या ओट्यावर बेळगाव-सोलापूरकडची मराठी कुटुंबे कागद हातात धरून बसलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांना ना कन्नड येते, ना डॉक्टरांचे इंग्रजी समजते. हो म्हणायचे की नाही, एवढेच त्यांना उमजते. कशाला, ते उमजत नाही. मंडळाने दहा माणसांची एक यादी करावी. जो कोणी मराठी रुग्ण येईल, त्याच्याबरोबर यातील एकाने डॉक्टरांपाशी बसावे, दोन्ही बाजूंचे बोलणे समजावून द्यावे, आणि निर्णय मात्र त्याचा त्याला करू द्यावा. यादीतील पहिली दोन नावे आमची लिहून घ्या.

आमच्यापुढे किती वर्षे आहेत, ते ठाऊक नाही. ५३ महिन्यांचा आकडा आम्ही वाचला आहे, आणि आम्ही त्याच्या कोणत्या बाजूला आहोत, हे तो आकडा सांगत नाही. परंतु या अडीच वर्षांत नातवाची मुंज पाहिली, थोरले बंधू येऊन महिनाभर राहून गेले, आणि जाताना म्हणाले, "बरे केलेस, माझे ऐकले नाहीस."

आणि ती पैठणी? ती नेसण्याजोगी राहिली नव्हती. आनेकलच्या एका विणकराकडून तिचे काठ आणि पदर उतरवून घेतले आणि नव्या रेशमावर लावून घेतले. आज समोरच्या रांगेत त्या ती नेसून बसल्या आहेत. विशेष दिवस आहे म्हणून नव्हे. परवा मंडईलाही नेसून गेल्या होत्या.

 मंडळाचा हीरकमहोत्सव पाहण्याची इच्छा बाळगून आपली रजा घेतो.